तळणाचा बुधवार

हेंगजाने रजा मागितली तेव्हाच जोमरेला कळलं, काहीतरी बिघडलंय.

हेमिल मिडल स्कूलच्या स्वयंपाकघरात रजा मागायची रीत नव्हती. नियमात रजा होती, अगदी युनियनने घसा सुकेपर्यंत ओरडून मिळवलेली आजारपणाची रजा होती, पण रीत नव्हती. चौघींपैकी एक घरी राहिली की तिची पातेली उरलेल्या तिघींच्या मनगटांवर पडायची. शिवाय बदली बाई शोधून आणायची तीही आजारी बाईनेच. अंगात ताप घेऊन फोन कानाला लावायचा आणि 'अगं उद्या येशील का, एकच दिवस' म्हणून दहा जणींच्या विनवण्या करायच्या. आलीच कुणी, तर ती दुपारी हातमोजे काढून ठेवायची आणि 'मला नाही बाई हे जमणार' म्हणून निघून जायची. त्यामुळे इथल्या बाया खोकत यायच्या, लंगडत यायच्या, कमरेला पट्टा आवळून यायच्या. सुनिम तर सासूला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मुळे सोलायला हजर होती. आजारी पडणं म्हणजे मैत्रिणीच्या पाठीवर पोतं टाकणं, असं या स्वयंपाकघराचं शास्त्र होतं, आणि हे शास्त्र सगळ्यात कडक पाळणारी बाई म्हणजे सोक हेंगजा.

"दोन दिवस लागतील, ओन्नी," हेंगजा म्हणाली. जोमरे तिच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ओन्नी. "ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात बोलावलंय. छातीच्या फोटोत काहीतरी दिसलं म्हणे."

"ठिपका ना? मग मलापण आहे की ठिपका. सुनिमलापण आहे."

"तुमचा ठिपका आहे, ओन्नी. माझं काहीतरी आहे," असं म्हणून हेंगजा हसली आणि वाटाण्याचं पातेलं उचलायला गेली.

यांग जोमरे या स्वयंपाकघरातली मुख्य. मोकपोच्या बंदराकडून चढ चढून यायचं, शाळेच्या मागच्या फाटकाने आत शिरायचं आणि अर्धवट जमिनीखाली असलेल्या त्या खोलीत उतरायचं, हे तिने आयुष्याची निम्मी वर्षं केलं. अंगाने बुटकी, आवाजाने मोठी. तिला राग चटकन येई आणि तितक्याच चटकन जाई. फक्त मुलांनी ताटात भाजी टाकली की दिवसभर धुमसत राही. मुलं तिला 'जेवणाच्या मावशी' म्हणत. सरकारदरबारी तिच्या हुद्द्याचं नाव बरंच लांब होतं, तेही युनियननेच मिळवून दिलेलं. "नाव एवढं लांब झालं की पाटीवर मावत नाही," सुनिम म्हणायची, "पगार मात्र पाकिटात सगळा मावतो."

सुरुवातीची वर्षं जोमरे कधी विसरली नाही. तेव्हा करार एका वर्षाचा असे. हिवाळ्याची सुट्टी लागली की दिवस मोजणं सुरू व्हायचं, आणि फेब्रुवारीत एकेकीला वर बोलावणं यायचं. हेडमास्तर समोरच्या चहाकडे बघत म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू," आणि या 'बघू'वर घर चालायचं. त्या हेडमास्तरांच्या घरचं हिवाळ्याचं किमची घालायला चौघी जायच्या, कोबीची रासच्या रास खारवायची, मिरचीने कोपरापर्यंत आग व्हायची, आणि निघताना साहेबीण म्हणायची, "तुम्हाला सवयच आहे ना." कुणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणारी एक होती, तिला फेब्रुवारीनंतर कुणी पाहिलं नाही.

मग एका थंडीत नामही नावाची युनियनची बाई आली. नामही पूर्वी पलीकडच्या शाळेत भांडी घासायची, तिथून काढली गेली आणि तिथूनच पेटली. संत्र्यांची पेटी घेऊन ती मागच्या फाटकाशी, उष्ट्याच्या पिंपांजवळ उभी राहिली. "बायांनो, मी काही विकायला नाही आले," म्हणाली. "फेब्रुवारी आवडतो का तुम्हाला, एवढंच विचारायला आले."

आधी सगळ्या संत्री सोलत राहिल्या. मग हेंगजा, जी चार माणसांत तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "माझ्या तेहोला वाटतं, त्याची आई दर वर्षी नापास होते की काय."

त्या आठवड्यात चौघींनी डुकराच्या सुपाच्या खानावळीत बसून सभासदाचे अर्ज भरले. पुढची वर्षं जांभळ्या जाकिटांत गेली. शिक्षणखात्याच्या दारात फरशीवर बसणं, मुठी वर करून गाणी म्हणणं, संपाच्या दिवशी मुलांना पाव आणि रस देऊन घरी पाठवल्याबद्दल आयांच्या शिव्या खाणं. एका आईने तर जोमरेला बाजारात गाठून म्हटलं, "मुलांच्या ताटावर बसून राजकारण करता, लाज नाही वाटत?" जोमरे म्हणाली, "ताई, त्या ताटातलं शिजवते कोण, ते आधी विचारा," आणि मासे न घेताच घरी येऊन रडली. पण अखेर दगडाला पाझर फुटला. करारावरची तारीख गेली. निवृत्तीपर्यंत नोकरी पक्की. त्या संध्याकाळी चौघी प्यायल्या, आणि हेंगजा टेबलावर हात आपटून म्हणाली, "आता आपल्याला या स्वयंपाकघरातून कुणी हलवू शकत नाही!" सगळ्यांनी पेले वर केले.

खरंच कुणी हलवलं नाही. रोज सकाळी त्याच आठ पायऱ्या, तीच कढई, आणि कढईवर तोच पंखा.

या पंख्याची गोष्ट सांगायला हवी. चुलींवरचा धूर ओढून बाहेर टाकणारा हा पंखा जुना, आणि त्याचा आवाज दळणाच्या गिरणीसारखा. जोमरेने दुरुस्तीला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. ऑफिसातून एकच उत्तर यायचं: पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू. स्वयंपाकघराच्या बरोबर वर तिसऱ्या वर्षाचा वर्ग होता. वर्षातून दोनदा इंग्रजी ऐकण्याची परीक्षा असायची. देशभरच्या शाळांत रेडिओवरून प्रश्न वाजायचे आणि मुलं कान टवकारून उत्तरं लिहायची. ही परीक्षा नेमकी सकाळी, इथे तळण रंगात असताना.

एका वर्षी वर जोमरेची मुलगी हानबी बसली होती, आणि हेंगजाचा तेहोही. वर्गावरचे मास्तर धावत खाली आले, दारातच कमरेत वाकले आणि म्हणाले, "मावशी, माफ करा, वर मुलांना ऐकू येत नाहीये हो."

बस, एवढंच. या देशात मोठ्या परीक्षेला विमानंसुद्धा जमिनीवर थांबवतात, तिथे पंख्याचं काय घेऊन बसलात? जोमरेच्या डोळ्यांपुढे पेन्सिल चावणारी हानबी आली. तिने बटण दाबलं. गिरणी थांबली. कढईवर हेंगजा होती; तिने मागे वळून नुसती मान हलवली, म्हणजे बरं केलंस.

त्यानंतर सहामाही आली, गाण्याची परीक्षा आली, पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. दर वेळी कुणीतरी दारात येऊन वाकायचं. मग यायचंही बंद झालं, कारण मावश्यांना आपोआप कळायला लागलं. वर काही महत्त्वाचं असलं की खाली पंखा बंद, आणि या देशातल्या शाळेत वर महत्त्वाचं नाही असा दिवस कुठला? हानबी शिकून सोलला गेली, तेहो सैन्यात जाऊन परत आला, वरच्या बाकांवर दुसऱ्यांची मुलं आली, तरी पंखा बंदच राहायचा. खिडक्या होत्या, पण वसंतात वाळवंटाकडून पिवळी धूळ सुटली की त्या उघडायला बंदी. तळणाचा मान हेंगजाचा. तिच्या हातचं तळण कुरकुरीत व्हायचं, म्हणून जोमरेच तिला कढईवर उभी करायची.

ग्वांगजूहून हेंगजा परत आली ती स्वयंपाकघरात आलीच नाही. फुप्फुसाचा कर्करोग, आणि तो बराच पसरलेला. तिने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. तिचा नवराही ओढत नव्हता.

नामहीने त्याच आठवड्यात कामगार विम्याकडे दावा लावला. खानावळीत बसून तिने तिघींना सरळ सांगितलं. "ऐका, नीट समजून घ्या. हेंगजाची आजारपणाची रजा शरदातल्या छुसकच्या सणापर्यंत पुरेल. त्यानंतर कामावर येता येत नाही म्हणून शाळा तिला काढू शकते. पक्की नोकरी म्हणजे अमरपट्टा नाही. पण हा आजार कामामुळे झाला असं ठरलं, तर तिच्या नोकरीला कायद्याने कुणी हात लावू शकत नाही. उपचारही होतील. नाही ठरलं, तर ती आजारीही आणि बेकारही."

"ठरेल ना?" मिरानने विचारलं. मिरान सगळ्यात धाकटी, तिच्या फोटोत अजून ठिपका नव्हता.

"दुसऱ्या गावात एकीचं ठरलंय. पण तिथला पंखा मोडलेला होता. इथला पंखा चालतो. शाळेने लिहून दिलंय की पंखा चालू स्थितीत आहे. चालू असताना धूर कसला, असं विचारतील."

जोमरेच्या हातातला चमचा सुपातच राहिला. "चालतो," ती म्हणाली. "पण आम्ही तो लावत नव्हतो."

नामही पुढे वाकली. "कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. मी बंद करायचे."

त्या रविवारी जोमरे अबलोन शिंपल्यांची लापशी घेऊन इस्पितळात गेली. हेंगजा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात मात्र तेवढेच मोठे, तेलाच्या पांढऱ्या डागांचे. बाकीची बाई त्या हातांना अपुरी पडत होती. जोमरेला लापशीचं झाकण उघडेना. शेवटी ती डबा मांडीवर धरून म्हणाली, "हेंगजा, पंखा मी बंद केला गं. पहिल्यांदा मीच केला."

"मग?"

"मग काय? तुला कढईवर मी उभी केली आणि पंखा मी बंद केला. मला रात्री झोप नाही."

हेंगजाला हसू आलं, मग खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. जोमरे तिची पाठ चोळत राहिली. खोकला थांबल्यावर हेंगजा म्हणाली, "वर माझा तेहोपण होता, ओन्नी. तू नसता केलास तर मी केला असता. त्याला इंग्रजीत किती कमी मार्क पडले आठवतंय ना? एवढं करूनही गाढव तो गाढवच." मग तिने जोमरेचा हात धरला. "मरायची भीती नाही वाटत मला. पण कागदावर मला काढून टाकलेली बाई नको लिहायला. एकदा फेब्रुवारीतून सुटले ना मी? पुन्हा नको."

जोमरेने तिला वचन दिलं. या वचनाची किंमत काय, हे तिला माहीत होतं.

तिला नसतं माहीत, तरी ते सांगायला मिन साहेब होतेच. मिन साहेब शाळेच्या ऑफिसचे मुख्य. गोड बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. पाहणीला विम्याची माणसं बुधवारी येणार असं कळल्यावर त्यांनी जोमरेला वर बोलावलं, बार्लीचा चहा दिला.

"यांग बाई, सोक बाईंचं वाईट झालं. आम्हालाही वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतःचंही बघा. निवृत्तीला किती राहिलंय? तीन वर्षं ना? समजा, कुणी म्हणालं की पंखा बंद असायचा. मग पहिला प्रश्न काय येईल? स्वयंपाकघरातल्या यंत्रांची जबाबदारी कुणाची? मुख्य बाईची. यंत्र असताना वापरलं नाही, मैत्रिणींच्या जिवाशी खेळ झाला, असं कुणी म्हणालं, तर चौकशी लागेल. मी थांबवू शकणार नाही."

"साहेब, पंख्याच्या आवाजाचं मी किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"तोंडी सांगितलं असेल. असू द्या. तुम्ही काही बोलू नका, एवढंच. पंखा तर सुंदर चालतोय."

आणि खरंच चालत होता. सोमवारी दोन माणसं येऊन पंख्याचा पट्टा बदलून गेली, आतलं यंत्र तेल घालून बसवून गेली. इतकी वर्षं अंदाजपत्रकात न मावलेलं काम एका दुपारीत उरकलं. आता पंखा इतका हळू गुणगुणायचा की चालू आहे की बंद, हे वर बघून ठरवावं लागे. मिरान खुश झाली. जोमरेला मात्र ती गुणगुण ऐकून अंगावर काटा आला. हेंगजाचा पुरावा त्या दोन माणसांनी पिशवीत घालून नेला होता.

मंगळवारी दुपारी भांडी चालू असताना आहार ठरवणाऱ्या यून बाई दारात आल्या. तरुण मुलगी, स्वतःच वर्षाच्या करारावर, सदा घाबरलेली. "मावशी, उद्याचं जेवण बदलायचं का असं वरून विचारतायत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मोडाचं सूप, वाफवलेली अंडी. तळण नको म्हणतायत."

बुधवार म्हणजे पानात काही न टाकण्याचा दिवस. त्या दिवशी मुलांच्या आवडीचं असायचं. या बुधवारी पावाच्या चुऱ्यात घोळवलेले डुकराचे काप होते, आणि मुलांनी महिनाभर त्यावर डोळा ठेवला होता.

जोमरेने हात पुसले. "बाई, मांस मी सकाळीच थंड पेटीतून काढलंय. सुटलंसुद्धा."

"आजच? उद्या सकाळी काढता ना?"

"आज काढलं. सुटलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही, हा नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात. टाकून द्यायचं असेल तर लिहून द्या, अख्ख्या शाळेचं मांस फेकते."

यून बाईंनी थंड पेटीकडे एक नजर टाकली. भोळी होती, पण मूर्ख नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. मांस सुटलंय." आणि जाताना, हे कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं, "सोक मावशी कशा आहेत?"

बुधवारी पाहणीला दोघं आली. प्यो नावाचा चष्मेवाला तरुण अधिकारी, आणि हवेतलं विष मोजणाऱ्या एक वयस्क तज्ज्ञ बाई. मागे मिन साहेब, नामही. तेल तापलेलं होतं. पंखा गुणगुणत होता. कढईवर हेंगजाच्या जागी सुनिम उभी होती, बाजूला मिरान काप चुऱ्यात घोळवत होती. प्योने हात वर करून पंख्याची ओढ बघितली. तज्ज्ञ बाईंच्या यंत्राने काहीच विशेष दाखवलं नाही.

"पाहिलंत ना," मिन साहेब म्हणाले. "कायम असाच असतो. यांग बाई मुख्य आहेत, त्यांनाच विचारा."

प्यो वळला. "मावशी, सोक बाई तळायच्या तेव्हा पंखा असाच चालू असायचा?"

नामही जमिनीकडे बघत होती. तिने जोमरेला आधीच सांगितलं होतं की हे तुझं तूच ठरवायचं, युनियन तुझ्या पाठीशी उभी राहील, पण चौकशी लागली तर ती तुझ्यावर लागेल, माझ्यावर नाही. तीन वर्षं, जोमरेच्या मनात आलं. तीन वर्षं गप्प बसलं की झालं.

"नाही," ती म्हणाली. "बंद असायचा."

"कोण बंद करायचं?"

"मी."

"ऐकलंत?" मिन साहेबांनी काखा वर केल्या. "शाळेने असं कधीच सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलं," जोमरे म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता, आणि तो चढला की थांबायचा नाही. "शाळेने फक्त दारात येऊन सांगितलं की वर ऐकू येत नाही. आयांना एवढं सांगितलं की पुरतं, साहेब. हा पंखा परवापर्यंत गिरणीसारखा ओरडायचा. परवा माणसं आली म्हणून आज गातोय. विचारा त्यांना, कोण आलं होतं सोमवारी!"

मिन साहेबांनी घसा खाकरला. प्योने चष्मा वर सरकवला. "तेव्हाची हवा मला आज कशी कळणार, मावशी? तुम्ही म्हणता म्हणून मी लिहीन. पण बोलणं वेगळं आणि..."

जोमरेने भिंतीवरचं बटण दाबलं. गुणगुण थांबली. "सुनिम," ती म्हणाली, "हेंगजासारखं तळ."

सुनिमने कापांची पहिली जाळी तेलात सोडली. तेल खदखदलं. मग दुसरी जाळी, मग तिसरी. अख्खी शाळा जेवायची होती, त्यामुळे यात नाटक काहीच नव्हतं. हे रोजचंच काम. धूर आधी कढईवर बसून राहिला, मग छताला लागला, मग छतावरून हळूहळू खाली यायला लागला. प्यो काहीतरी विचारत होता. तो वाक्याच्या मध्येच थांबला, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. तज्ज्ञ बाईंच्या यंत्राने टिकटिक धरली. मिन साहेब तोंडावर रुमाल दाबून केव्हा बाहेर गेले ते कुणाला कळलं नाही. मग प्योला खोकला आला, आणि तो वाकून, भिंत धरून पायऱ्या चढला. तज्ज्ञ बाईही गेल्या. नामहीने पूर्वी अशाच धुरात वर्षं काढली होती, पण तिला स्वयंपाकघर सोडूनही आता वर्षं झाली होती. ती पण नाकातोंडातून पाणी गाळत त्यांच्या मागे पळाली.

जोमरे त्यांच्या मागोमाग वर अंगणात आली. प्यो कठड्याला टेकून श्वास घेत होता. त्याचे डोळे लालभडक झाले होते. तो तज्ज्ञ बाईंना म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि त्या म्हणाल्या, "विचारू नकाच." नामहीने जोमरेचा दंड घट्ट दाबला. मिन साहेब फोनवर कुणाशी तरी बोलत दूर चालले होते. चौकशी लागणार हे त्यांच्या पाठीवरच दिसत होतं. लागू दे. हेंगजाला आता कुणी काढणार नव्हतं. जोमरेला रडू फुटणार असं वाटलं.

"मावशी," प्योने विचारलं, "हे रोज?"

"रोज नाही. तळणाच्या दिवशी."

"पण यात तुम्ही आत थांबता तरी कशा?"

"कशा म्हणजे?" जोमरेला प्रश्नच कळला नाही. तिने मागे वळून पाहिलं.

इतक्या वर्षांत तिने आपलं स्वयंपाकघर पंखा बंद असताना बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या जमिनीखालच्या त्या खोलीच्या दारातून निळसर धूर दाट होऊन पायऱ्यांवर येत होता. त्याच्या आत सुनिम आणि मिरान उभ्या होत्या, आणि सुनिम काहीतरी चावट सांगत असावी, कारण मिरान तोंड उघडं टाकून हसत होती. दोघींपैकी कुणी डोळे पुसत नव्हतं. कुणी खोकत नव्हतं. जोमरेने आपल्या गालाला बोट लावून पाहिलं. गाल कोरडा होता. तिला समजलं, हा धूर आता त्यांना लागतच नव्हता.

"ओन्नी!" सुनिमने आतून हाक मारली. "पंखा लावू का गं? बाहेरच्यांना त्रास होतोय वाटतं!"

"पंखा राहू दे," जोमरे ओरडली. "आधी बाहेर या! दोघी बाहेर या!"

"मी कशाला?" सुनिम म्हणाली. "मला काय झालंय?" आणि तिने पुढची जाळी तेलात सोडली.